मंजुरीच्या प्रतीक्षेत

"बाई, आजपण नाही!"

इंजिनाने कॉम्प्युटरच्या खोलीतून व्हरांड्यात डोकं काढून ओरडून सांगितलं. तिसरीतलं हे पोरगं कधी चालत यायचंच नाही, धडधडत यायचं, म्हणून ब्लॉगवर त्याने स्वतःचं नाव इंजिन ठेवलं होतं. त्याच्यामागे उरलेली तेवीस मुलं एका स्क्रीनभोवती गुळाला मुंगळे लागावेत तशी चिकटली होती.

"सरका, सरका. बघू दे मला," बाई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

बघायचं काही उरलं नव्हतं. सकाळी उठल्याउठल्या त्यांनी घरी बघितलं होतं, शाळेत पाय ठेवल्यावर पुन्हा बघितलं होतं. तरी त्यांनी माउस हलवला. पान उघडलं. वर होडीचं चित्र, आणि खाली शुक्रवारचीच नोंद.

'आज पाणी सातव्या खुणेवर. आम्ही लांबूनच पाहिलं. बाई म्हणाल्या, उद्या मोजायला जायचं नाही. सगळ्यांनी घरीच थांबायचं.'

"आता आठवी खूण आली असेल ना, बाई?" कुणीतरी विचारलं.

"असेल," बाई म्हणाल्या.

आठव्या खुणेचं काय झालं ते त्यांना शनिवारी संध्याकाळीच कळलं होतं. नदीचा बांध पहाटे फुटला होता. खुणा रंगवलेला पुलाचा खांब गेला, पूल गेला, पुलाच्या अलीकडच्या तीन गल्ल्या गेल्या. बातम्यांत वरून घेतलेलं एक चित्र दाखवत होते. नुसतं मातकट पाणी आणि त्यातून वर आलेली काही छपरं. बाईंनी त्या छपरांत शाळा शोधली. पण शाळा कशी दिसते हेच त्यांना माहीत नव्हतं.

हा ब्लॉग बाईंनी आपणहून मागितला नव्हता. स्टाफरूममध्ये त्यांना 'सांभाळून बाई' म्हणायचे. जिना उतरणाऱ्या मुलाला सांभाळून, डबा उघडणाऱ्या मुलाला सांभाळून, टोक केलेली पेन्सिल धरणाऱ्याला तर दोनदा सांभाळून. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, बाईंच्या पाठी ब्रह्मराक्षसांची पलटण होती. घराचं कुलूप त्या तीनदा ओढून बघत, आणि कोपऱ्यावर गेल्यावर चौथ्यांदा परत येत. वयाच्या पन्नाशीपर्यंत त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. भलतंच काही दाबलं गेलं तर, ही भीती. पण बाकीच्या शिक्षकांनी अंग काढून घेतलं, आणि 'नाही' म्हणायची सवय नसल्यामुळे वर्गाचा ब्लॉग यांच्या गळ्यात पडला.

मग त्यांनी तो आपल्या पद्धतीने चालवला. ब्लॉगवर खरं नाव नाही, फोटो नाही, पत्ता नाही. प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यायचं. दूरच्या एका नदीकाठच्या शाळेतल्या तिसरीशी त्यांचं जमलं, कारण तिथल्या बाईही तशाच निघाल्या. या वर्गाने रोज बारा वाजता मैदानातल्या खांबाची सावली मोजून लिहायची, त्या वर्गाने नदीचं पाणी मोजून लिहायचं. इकडे चोवीस मुलं, तिकडेही चोवीस. प्रत्येकाला तिकडचा एक जोडीदार. मुलांनी लिहिलेली कमेंट पलीकडच्या बाई वाचणार, बटण दाबणार, मगच ती सगळ्यांना दिसणार. तोवर तिच्याखाली करड्या अक्षरांत लिहिलेलं असायचं : 'मंजुरीच्या प्रतीक्षेत'. वर्गाचं खातं एकच असल्यामुळे थांबलेल्या सगळ्यांच्या कमेंट मुलांना इथून दिसत.

पलीकडच्या बाई ब्लॉगवर होडीवाल्या बाई होत्या. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. होडीवाल्या बाई झटपट बटण दाबायच्या. शाळा सुटायच्या आत उत्तर हजर. आणि आता चार दिवस करडी अक्षरं तशीच होती.

"त्यांचं नेट गेलंय," बाईंनी मुलांना सोमवारी सांगितलं होतं. आज मंगळवारी पुन्हा तेच सांगितलं.

इंजिनाने मान डोलावली. खारूताईने डोलावली नाही. खारूताई ही वर्गातली सगळ्यात बुटकी मुलगी, पुढचे दोन दात पडलेली. ती बाईंकडे बघत राहिली. बाईंनी नजर वळवली आणि सगळ्यांना पाढे लिहायला बसवलं.

बुधवारी वर्तमानपत्रात यादी आली.

बाईंनी येताना तीन वेगवेगळी वर्तमानपत्रं घेतली आणि मधल्या सुट्टीत नकाशे ठेवायच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली. सापडलेल्यांची नावं, पुढे वय. बोट ठेवून त्या एकेक ओळ खाली उतरत गेल्या. बासष्ट. एकोणीस. चाळीस. आठ.

आठ वर्षे. बोट तिथे थांबलं. मुलीचं नाव होतं, छान नाव. पण ही कोण? पतंग, की चिंच, की इकडच्या मुलांना रोज विनोद पाठवणारी टकमक? बाईंना ठाऊक नव्हतं. पुढे आणखी एक आठ. मग एक नऊ. बेपत्त्यांच्या यादीत आणखी तिघं. सुरक्षित राहावीत म्हणून मुलांची खरी नावं काढून घेतली, आणि आता यादी समोर असून त्यातलं एकही मूल त्यांना ओळखता येत नव्हतं. कुठलं नाव कुणाचं, हे एकट्या होडीवाल्या बाईंना माहीत होतं. त्यांचं खरं नाव बाईंना माहीत होतं. ते कुठल्याच यादीत नव्हतं, मृतांच्या नाही, बेपत्त्यांच्या नाही आणि छावणीतल्यांच्याही नाही. बाईंनी त्या शाळेचा फोन पुन्हा लावून पाहिला. तो वाजतसुद्धा नव्हता. पाठवलेल्या तिन्ही ई-मेलना उत्तर नव्हतं.

बाहेर कुणीतरी दार ठोठावलं. मुख्याध्यापकांनी बोलावलं होतं.

"बसा, बाई," सर म्हणाले. त्यांनी टेबलावरचा पेपर पालथा घातला. "दोन पालकांचे फोन आले. मुलं घरी विचारतायत म्हणे, काय सांगायचं? मी म्हणतो, हा विषयच बंद करू या. आपल्या ब्लॉगवरून त्या शाळेची लिंक काढून टाका. दुसरी एखादी शाळा बघू."

"पण सर, मुलांचे जोडीदार..."

"आठ वर्षांची मुलं आहेत हो. आठ दिवसांत विसरतात." सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मलापण बरं वाटत नाहीये, बाई. माझी नातवंडं याच वयाची आहेत. पण आपण सांगायचं आणि कुणी घाबरून आजारी पडलं, तर जबाबदार कोण?"

"हो सर," बाई म्हणाल्या. एकतीस वर्षं त्या 'हो सर' म्हणत आल्या होत्या. चार मुख्याध्यापक होऊन गेले, उत्तर बदललं नव्हतं.

शाळा सुटल्यावर त्या कॉम्प्युटरच्या खोलीत एकट्या बसल्या. लिंक काढायचं बटण सापडलं. दाबलं. मशीनने विचारलं : 'नक्की काढायचं आहे का?'

एरवी असल्या प्रश्नाला त्या दचकून 'नाही' दाबायच्या. आज त्यांचं बोट 'हो'वर गेलं आणि तिथेच राहिलं. काढण्याआधी एकदा बघून घ्यावं म्हणून त्यांनी दुसऱ्या खिडकीत होडीचं पान उघडलं, आणि त्या बघतच राहिल्या. शुक्रवारच्या नोंदीखाली करड्या अक्षरांची रांगच रांग लागली होती. मुलं घरून, आईवडिलांच्या फोनवरून लिहीत होती.

'चिंच, तुमचं नेट कधी येनार?'

'आमची सावली आज दोन वीत झाली. तुमचं पानी सांगा.'

'टकमक मी विनोद पाठवते तू हसलीस तर सांग.'

'तुमी आमच्यावर रागवलात का?'

आणि एकाखाली एक, सात वेळा, खारूताईचं. तिचा जोडीदार वाटाणा नावाचा मुलगा होता. पहिल्या दिवसापासून दोघांची जुंपलेली. त्याने लिहिलं होतं, पाणी एका दिवसात दोन खुणा चढलं. हिने लिहिलं होतं, 'तू खोटं बोलतोस. पानी इतकं चढत नाय.' ते शुक्रवारचं. त्यानंतरची सात अशी होती :

'वाटाणा मी गमत केली.'

'वाटाणा मी सॉरी बोलली.'

'वाटाणा चढत असेल पानी. तू खरं बोलतोस.'

'वाटाणा तू बोल ना.'

पुढचं बाईंना वाचवेना. त्यांनी 'हो'ही दाबलं नाही आणि 'नाही'ही. कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून खोलीला कुलूप लावलं, कुलूप एकदाच ओढलं आणि त्या घरी निघाल्या.

घरी आत्या होती. बाईंचं लग्न झालं नाही, आत्याचं होऊन मोडलं. दोघी एकमेकींना धरून म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. आत्या ओट्याशी स्टुलावर बसून शेंगा सोलत होती.

"चेहरा का असा? कुणी काही बोललं?"

"आत्या," बाई पिशवीही न ठेवता म्हणाल्या, "आई गेली तेव्हा तुम्ही मला सांगितलं का नाही?"

आत्याचे हात थांबले. पंचेचाळीस वर्षांत हा प्रश्न त्या घरात कुणी काढला नव्हता.

"मोठ्या दवाखान्यात आहे म्हणालात. वर्षभर म्हणालात. ती जायला निघाली तेव्हा मी दाराआड लपून बसले होते, रुसून. हाक मारली तरी आले नाही. मला वाटायचं, त्याचाच राग धरून ती येत नाहीये. वर्षभर मी शहाण्यासारखी वागले, आत्या. काही सांडलं नाही, काही पाडलं नाही. आत्ताही..."

आत्ताही कुलूप तीनदा ओढते, असं त्यांना म्हणायचं होतं.

"लहान होतीस गं," आत्या हळूच म्हणाली. "सोसणार नाही तुला, असं वाटलं." मग तिने परातीतले दाणे एका बाजूला सारले. "नाही. खोटं कशाला बोलू आता. तुला सोसेल की नाही हे आम्ही बघितलंच नाही. तुझ्या तोंडाकडे बघून ते बोलायची आमचीच छाती झाली नाही."

बाई खाली बसल्या. दोघींनी मिळून उरलेल्या शेंगा सोलल्या.

गुरुवारी पहिल्या तासाला बाईंनी मुलांना बाकांवरून उठवून खाली सतरंजीवर गोल बसवलं. स्वतःही बसल्या.

"मी तुम्हाला खोटं सांगितलं," त्या म्हणाल्या. "नेट गेलंय ते खरं. पण नुसतं नेट गेलेलं नाही. तिकडे नदीचा बांध फुटला. गावात पाणी शिरलं. खूप घरं गेली. काही माणसं वाचली, काही मेली."

"मुलं?" इंजिनाने विचारलं. इतक्या हळू बोलताना त्याला कुणी ऐकलं नव्हतं.

"मुलंपण."

"आपली?"

"माहीत नाही. पेपरात खरी नावं आहेत. आपल्याला टोपणनावं माहीत आहेत. कुणाचं काय झालं ते मला खरंच माहीत नाही."

"मग कुणाला माहीत आहे?"

"होडीवाल्या बाईंना."

"त्या मेल्या का?"

"तेही माहीत नाही रे."

एक मुलगी रडायला लागली, तिचं बघून आणखी दोघं. कुणीतरी म्हणालं, आमच्या घरापाशी नदी नाहीये ना? कुणीतरी विचारलं, त्यांच्या दप्तरांचं काय झालं? कुणाला टीव्हीवरचं छप्पर आठवलं. बाई एकेकाला उत्तर देत गेल्या, आणि माहीत नसेल तिथे माहीत नाही म्हणत गेल्या. खारूताई मात्र काहीच विचारत नव्हती. ती फ्रॉकच्या टोकाला पीळ घालत होती.

बाई सरकत तिच्याजवळ गेल्या. "वाटाणा तुझ्यावर रागावून गप्प बसलेला नाही. ऐकतेस का? त्याला लिहिताच येत नाहीये. तुझ्या बोलण्याने काहीही झालेलं नाही. बांध पाण्याने फुटला."

"नक्की?"

"नक्की. हे मला माहीत आहे."

तेव्हा ती रडली. मोकळी, तोंड उघडून, दात पडलेल्या फटीतून शिट्टीसारखा आवाज करत.

मान वर केली तेव्हा दारात सर उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. ते म्हणाले, "बाई, सुटल्यावर ऑफिसात या." बाईंच्या पाचावर धारण बसली. सुटल्यावर त्या गेल्या. सरांनी लेखी खुलासा मागितला. बाईंनी तिथेच कागद घेऊन लिहून दिला : 'मी मुलांना खरं सांगितलं. लिंक काढलेली नाही.' खाली सही केली. सरांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. त्याचं पुढे काय झालं ते बाईंना कधीच कळलं नाही.

त्यानंतर मुलं रोज लिहीत होती, पण आता उत्तर मागत नव्हती. आज आम्ही काय शिकलो, आज कोण पडलं, आज सावली किती. थांबलेल्या कमेंट शंभरावर गेल्या.

बांध फुटल्याला अकरावा दिवस. मंगळवार. प्रार्थनेला तासभर अवकाश होता. बाईंनी नेहमीप्रमाणे पान उघडलं, नेहमीप्रमाणे करड्या ओळी पाहिल्या. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सगळ्यात वरच्या कमेंटखालची करडी ओळ गेली.

त्यांना वाटलं, आपल्याच हातून काही दाबलं गेलं. त्यांनी दोन्ही हात माउसवरून उचलून मांडीवर ठेवले. अर्ध्या मिनिटाने दुसरी गेली. मग तिसरी. लहान कमेंट पटकन जात होती, लांब असली की वेळ लागत होता. तिकडे कुणीतरी एकेक वाचत होतं आणि बटण दाबत होतं.

बाईंनी पदर तोंडाशी धरला. दहा दिवस त्या काही कळत नाही म्हणून घाबरल्या होत्या. आता कळणार होतं, आणि ही भीती त्याहून वाईट निघाली. खारूताईची पहिली ओळ मंजूर झाली. दुसरी झाली. सातव्यापाशी गाडी अडली. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. मग तीही गेली.

सगळ्या संपल्यावर एक नवी नोंद उमटली.

'मुलांनो, आम्ही शाळेच्या वरच्या मजल्यावर राहतोय. गावातली पुष्कळ माणसं इथेच आहेत. आज एका फोनवर नेट आलं. तुमचं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. तुम्ही रोज दार वाजवत होतात, आणि आम्हाला ऐकूच आलं नाही. आजची हजेरी देते.'

खाली वीस टोपणनावं होती. टकमक होती. चिंच होती. बाईंनी वीस पुन्हा मोजली. मग कागद घेऊन जे नव्हते ते लिहिले. चार नावं झाली. तिसरं नाव वाटाणा होतं.

आणि सगळ्यात शेवटी, वेगळ्या कुणीतरी लिहिल्यासारखं, विरामचिन्हं नसलेलं :

'मी वाटाण्याची आई घरातलं काहीच राहिलं नाही त्याच्या वह्या पण नाहीत बाईंनी वाचून दाखवलं तेव्हा कळलं तो तुझ्याशी रोज बोलायचा खारूताई तो काय काय म्हणायचा मला सांगशील का'

त्या दिवशी बाईंनी वर्गाला सांगण्याआधी त्या चार नावांच्या इकडच्या चौघा जोडीदारांना एकेक करून जवळ घेतलं आणि सांगितलं. कसं सांगायचं ते त्यांना आयत्या वेळेपर्यंत सुचलं नव्हतं, आणि सांगताना आवाज फुटायचा तो फुटलाच. चौघांपैकी एक जण पोटात दुखतंय म्हणून घरी गेला. दोघं इंजिनाच्या दोन बाजूंना चिकटून बसली. खारूताईने तिच्यासाठी आलेला निरोप स्वतः वाचला. अक्षर अक्षर जोडत, ओठ हलवत. दोनदा वाचला.

"मी लिहू?" तिने विचारलं.

"तुला लिहावंसं वाटत असेल तर. नाहीतर नाही. कुणी रागावणार नाही."

ती खुर्चीवर चढून बसली. पाय जमिनीला पोचत नव्हते. बाई शेजारी स्टुलावर बसल्या. खारूताई एका बोटाने अक्षर शोधायची, सापडलं की दाबायची, मग पुढचं शोधायची.

'तो म्हणायचा त्याला भात आवडत नाय. तो म्हणायचा त्याची आई भांडी घासताना गाते ते त्याला बाहेर खेळताना पन ऐकू येतं.'

शुद्धलेखन दुरुस्त करायला बाईंचा हात नेहमीसारखा पुढे झाला. त्यांनी तो मागे घेतला.

घंटा झाली. पुढचा तास चौथीचा होता. त्यांची रांग दाराशी आली, आणि पुढच्या मुलाने आत वाकून पाहिलं.

"थांबा थोडं," बाई म्हणाल्या.

"किती वेळ, बाई?"

"तिचं होईपर्यंत."

चौथीची मुलं बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं तरी बोलणं बंद झालं. आत खारूताई मान वाकवून पुढचं अक्षर शोधत होती.